सर्दीतला ‘छान’

जीभसाहेबांच्या जिभेनं एका मंगळवारी सकाळी पावणेसातला राजीनामा दिला. साहेबांनी तो मंजूर केला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही.

त्याआधी पाच दिवस सर्दी होती. सहाव्या दिवशी ती गेली आणि पाहुण्यानं जाताना चुकून घरच्यांची छत्री न्यावी तसा वास घेऊन गेली. वासाच्या मागोमाग चवही निघाली. बायकोनं समोर ठेवलेल्या चहाचा साहेबांनी एक घोट घेतला. चहा गरम होता. त्याच्याबद्दल याहून अधिक काही सांगता येत नव्हतं.

आणि सांगणं हेच तर त्यांचं काम. सुट्या पानांचा चहा विकणाऱ्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं चहाची परीक्षा करत होते. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं, बाकी सगळे त्यांना जीभसाहेब म्हणत. लग्नालाही एकतीसच वर्षं झाली होती. माणूस ऑफिसातून घरी येतो, जीभही त्याच्याबरोबरच येते. त्यामुळे रोज सकाळी पहिल्या घोटानंतर साहेब घरीही निकाल देत. पाणी अर्धा मिनिट जास्त उकळलं. दूध घाईनं घातलं. डब्याचं झाकण काल उघडं राहिलं होतं. कांद्याचे हात नुसत्या पाण्यानं धुतलेत. निकाल दरवेळी बरोबर असायचा, आणि बायकोला तेच जास्त झोंबायचं. चुकीचं बोलणाऱ्या नवऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

त्या मंगळवारी ती नेहमीसारखी ओट्याला टेकून निकालाची वाट पाहत होती. काहीतरी बोलणं भागच होतं. साहेबांनी एकतीस वर्षांत न वापरलेला शब्द काढला.

"छान."

बायकोनं पाठ वळवली आणि धुतलेलं गाळणं पुन्हा धुवायला घेतलं.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली, आणि परत येईल म्हणाले. कधी, असं साहेबांनी विचारलं. येईल तेव्हा येईल, बहुधा आधी कडू कळायला लागेल, मग बाकीचं, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ऑफिसात सांगून टाकावं, असं साहेबांना एकदा वाटलं होतं. पण परीक्षेच्या खोलीला एक खिडकी होती आणि ती गोदामाकडे उघडत होती. गोदामात आधीचे परीक्षक बसत. साहेबांच्या आधी तेच कंपनीची जीभ होते. एका तापात त्यांचा वास गेला, त्यांनी प्रामाणिकपणे मालकांना सांगितलं, आणि मालकांनीही तितक्याच प्रामाणिकपणे त्यांना गोदामात पाठवलं. आता ते चहाच्या डब्यांची झाकणं घट्ट बसलीत का ते पाहत. दिवसभर. मध्येच मान वर करून खिडकीकडे बघत आणि साहेबांना हात करत. साहेबही हात करत. त्या मंगळवारपासून साहेबांनी खिडकीला पाठ करून बसायला सुरुवात केली.

कामाच्या रीतीत काही बदल झाला नाही. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग. प्रत्येक कपामागे भिजलेली पानं, झाकणावर काढून ठेवलेली. रांग परीक्षकाच्या डाव्या हातापासून सुरू होते, फिक्याकडून गडदाकडे, आणि तो क्रम जगबुडी आली तरी बदलत नाही. साहेब चमचा भरून घेत, फुर्रकन ओढत, तोंडात घोळवत आणि चाकांवर फिरणाऱ्या पिकदाणीत थुंकत. आवाज पहिल्याइतकाच खणखणीत होता. फक्त आत काही घडत नव्हतं. निकाल ते पानांच्या रंगावरून देत, आणि रंग कळेना झाला की नमुना कागदाच्या पुडीत बांधून घरी नेत. घरी शांतपणे तपासतो, असं मालकांना सांगत.

घरी तपासायची ती बायको. तिला मात्र हे माहीत नव्हतं. साहेब चहा करत, एक चमचा ओढून मोरीत थुंकत आणि उरलेला कप तिच्यासमोर सरकवत. टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती प्यायची आणि बोलायची. अडचण एवढीच, की कुठल्याही गोष्टीचं वर्णन तिला नातेवाईक मध्ये आणल्याशिवाय करता येत नसे.

पहिला नमुना मोगऱ्याच्या वासाचा होता. ती म्हणाली, "ही माझी आतेबहीण. आधी अत्तर आत येतं, मग पाच मिनिटांनी ती."

साहेबांनी वहीत लिहिलं: आगमनाआधीच सुगंधाची वर्दी देणारा.

दुसरा पिऊन ती म्हणाली, की तुमच्या ताईंनी दिलेला टॉवेल आठवला, पहिल्या धुण्यातच सगळा रंग पाण्यात. साहेबांनी लिहिलं: रंगाच्या बाबतीत उदार. तिसरा म्हणजे साहेबांचे थोरले बंधू होते, येताना बरे वाटतात आणि मग जायचं नाव काढत नाहीत. तो ‘जिभेवर दीर्घकाळ रेंगाळणारा’ झाला. चौथ्याला धुराचा वास होता. शेजाऱ्यांनी पालापाचोळा पेटवला त्या दिवशी आपली चादर वाळत होती, तिला असाच वास येत होता, असं ती म्हणाली. साहेबांनी बराच विचार करून लिहिलं: मोकळ्या अंगणातला धूर, मागे स्वच्छ सुताची जाणीव.

मालकांनी ती वही वाचली आणि दार लावून घेतलं. एकतीस वर्षं साहेबांच्या अहवालात सहाच शब्द असायचे: ताजा, जुना, कडक, फिका, बरा, नको. आता अचानक स्वच्छ सुताची जाणीव. तुमच्यात हे इतकी वर्षं होतं कुठे, असं मालकांनी विचारलं. घरीच होतं, असं साहेब म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

वर्णनं डब्यांवर छापली गेली. खप वाढला. लोक डबा हातात घेऊन ‘रंगाच्या बाबतीत उदार’ असं मोठ्यानं वाचत आणि उदारपणे विकत घेत. घरी डबा कधीच आला नाही, कारण साहेब पुड्यांमधूनच चहा आणत. बायकोला त्यामागे कंपनीचा चिक्कूपणा दिसायचा.

घरी आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे साहेबांचं लक्ष नव्हतं. बायको सकाळी दहा मिनिटं लवकर उठायला लागली होती. तिनं नवीन गाळणं आणलं. बारीक जाळीचं. पाण्याला बुडबुडे येताना ती भांड्यावर वाकून बघत राहायची. चहा समोर ठेवायची, साहेब म्हणायचे, "छान," आणि ती गुणगुणत पोळ्यांना लागायची. तिचं गाणं बेसूर होतं, पण साहेबांचा कान चालू असूनही त्यांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. असे आठ महिने गेले.

आठव्या महिन्यात मालकांच्या सूनबाईंनी चॉकलेट करायला घेतलं. त्या ते रीतसर शिकून आल्या होत्या. गरम मलईत चहाची पानं चार मिनिटं भिजवायची, मलई गाळून चॉकलेटमध्ये घोटायची आणि त्याचे मऊ गोळे वळायचे. याला ट्रफल म्हणतात, असं त्यांनी घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी त्यांना पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘त्या गोळ्या’ म्हटलं. सहा चहांचे सहा ट्रफल तयार झाले. हॉटेलांच्या एका मोठ्या साखळीच्या खरेदी अधिकारी बाई गुरुवारी चाखायला येणार होत्या. पसंत पडले तर प्रत्येक खोलीत, प्रत्येक उशीवर एक. सोबत तोच चहा.

आणि त्यांना चवी समजावून सांगणार होते जीभसाहेब. समोरासमोर. वही न बघता.

बुधवारी साहेबांनी सहाही ट्रफल डब्यात घालून घरी नेले आणि बायकोसमोर ओळीनं मांडले. चार तिनं चाखून एकेका नातेवाइकाच्या नावावर केले. पहिले पाच ठीक होते. पहिला, मोगऱ्याचा, तर तिनं डोळे मिटून खाल्ला आणि पहिल्यांदाच कुणाचं नाव घेतलं नाही. सहावा तोंडात घातला, उठली, मोरीपाशी गेली आणि थुंकली. एकतीस वर्षांत तिनं काही थुंकलेलं साहेबांनी पाहिलं नव्हतं.

"हा कुणाला देऊ नका," ती म्हणाली. "ज्या बाईनं हा केला ना, तिच्याशी त्या दिवशी घरात कुणी बोललं नसणार."

साहेबांनी चौकशी करायचं ठरवलं आणि केली नाही. केली असती तर कळलं असतं, की सहाव्याची पानं मलईत टाकल्यावर ‘त्या गोळ्यां’वरून सासू-सुनेचं वाजलं होतं, सूनबाई खोलीत जाऊन बसल्या होत्या, आणि चार मिनिटांची पानं चौदा तास भिजली होती. साहेबांनी फक्त पाठ केलं: एक मोगरा, उत्तम. सहा कडू, नको.

गुरुवारी अकराला खरेदी अधिकारी बाई आल्या. परीक्षेच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड, कापडावर दूध घालून एकाच रंगाचे झालेले सहा कप, सहा ट्रफल, एकेकाचे चार चार तुकडे केलेले. मालक, बाई, साहेब आणि टेबलाच्या पलीकडे सूनबाई. ताट सूनबाईंनी लावलं होतं. त्यांनी ते फार मन लावून, अगदी क्रमानं लावलं होतं. फक्त स्वतःच्या डाव्या हातापासून.

त्या समोर उभ्या होत्या. म्हणजे त्यांचा पहिला तो साहेबांचा सहावा. परीक्षकाच्या डाव्या हाताचा नियम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, कारण कंपनीत तो सगळ्यांनाच ठाऊक होता.

अलीकडच्या तिघांनी एकदमच आपल्या डावीकडचा तुकडा तोंडात घातला.

मालकांचा चेहरा आधी वाकडा झाला. मग बाईंचा एक डोळा आपोआप मिटला आणि उघडेना. मालकांनी पाण्याच्या ग्लासकडे हात नेला, पण परीक्षक बोलण्याआधी पाणी प्यायचं नाही असा रिवाज होता, त्यामुळे हात तिथेच टेबलावर ठेवला. साहेब शांतपणे चावत होते. पूर्ण तुकडा. वर चहाचा चमचा फुर्रकन ओढला. थुंकले.

"मोगरा," ते म्हणाले. "आगमनाआधीच सुगंधाची वर्दी देतो. छान."

बाई अनुभवी होत्या. त्यांनी जगभरचे उंची पदार्थ खाल्ले होते आणि त्यातले कितीतरी त्यांना आवडले नव्हते, पण तसं बोलायची चूक त्यांनी एकदाच केली होती. त्यांनी मोठ्या कष्टानं गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आधी कळत नाही. पण... येतेय. वर्दी येतेय."

"मलाही आली," मालक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग पुढचे. धुराच्या चहाला साहेबांनी ‘जिभेवर दीर्घकाळ रेंगाळणारा’ म्हटलं, थोरल्या बंधूंच्या जागी शेजाऱ्यांच्या धुरातली चादर गेली, आणि प्रत्येक वेळी बाईंनी डोळे मिटून मान हलवली. त्यांना सगळं जाणवत होतं. सूनबाई पलीकडून ताटाकडे बघत होत्या, मग साहेबांकडे, मग परत ताटाकडे. त्यांनी तोंड उघडलं होतं, पण सासऱ्यांसमोर जीभसाहेबांना टोकायची त्या घरात पद्धत नव्हती. तोंड तसंच थोडं उघडं राहिलं.

सहाव्याशी साहेब थांबले. तुकडा जिभेवर ठेवला, चेहरा गंभीर केला आणि तो पिकदाणीत थुंकला. चॉकलेट थुंकलेलं त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी पाहिलं.

"हा नको," साहेब म्हणाले. "कडू आहे. असा माल मी माझ्या घरी देणार नाही."

बाईंनी स्वतःचा तुकडा आधीच तोंडात टाकला होता. तो मोगऱ्याचा होता, मऊ, सुगंधी. त्यांचा चेहरा अकरापासून पहिल्यांदा सैल पडला होता. त्यांनी तो लगेच आवळला आणि तुकडा घाईनं कागदी रुमालात काढला.

"अगदी," त्या म्हणाल्या. "असह्य आहे हा."

ऑर्डर तिथल्या तिथे नक्की झाली. सहावा बाद. पहिला सगळ्या खोल्यांत. मालकांनी साहेबांना मिठी मारली आणि मग धावत पाणी प्यायला गेले.

खोलीत दोघंच उरले तेव्हा सूनबाईंनी बाद झालेल्या ट्रफलचा राहिलेला तुकडा उचलला.

"काका," त्या म्हणाल्या, "हा मोगऱ्याचा होता. हाच एक मला नीट जमला होता."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. गोदामातून हात हलला. त्यांनीही हलवला.

"कधीपासून कळत नाही तुम्हाला?"

"आठ महिने."

सूनबाईंनी तो तुकडा खाल्ला. सावकाश. ओरडायला जागा नव्हती, कारण चौदा तासांचं सांगितल्याशिवाय साहेबांचंही सांगता आलं नसतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, की आता ऑर्डरसाठी दर वेळी पानं मलईत चौदा तास विसरावी लागतील, आणि ठरवून विसरायचं म्हणजे आधी सासूबाईंशी भांडावं लागेल. आठवड्यातून दोनदा तरी. मग ताट उचलून निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी मालकांनी कौतुकानं एक खोकं साहेबांच्या घरी पाठवलं, ‘वहिनींना’ म्हणून. सोनेरी दोरी, आत चहाचे सहा छोटे डबे, प्रत्येक डब्यावर दोन ओळी आणि खाली ‘चव पारखली: जीभसाहेब’. साहेब संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती. तिनं डबे ओळीनं मांडले होते.

तिनं पहिला वाचला. "ही माझी आतेबहीण." दुसरा उचलला. "हा टॉवेल." तिसरा, चौथा. सगळे नातेवाईक जमले. मग तिनं चष्मा काढला.

साहेबांनी सांगितलं. सर्दी, मंगळवार, डॉक्टर, गोदाम. सांगायला फार वेळ लागला नाही. तिची वाक्यं चोरल्याबद्दल तिनं एक शब्दही काढला नाही. ती बोटांवर महिने मोजत होती, आणि मोजत मोजत त्या मंगळवारी येऊन थांबली.

"म्हणजे तो पहिला ‘छान’ त्याच दिवशीचा."

साहेबांनी मान हलवली.

"एकतीस वर्षांत एक ‘छान’ आला," ती म्हणाली, "तोही सर्दीतला."

उठून तिनं ते बारीक जाळीचं गाळणं फडताळात सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं, जिथे ती स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या कानशिलापर्यंत कळ गेली. कडू. डॉक्टर म्हणाले होते तसंच. जीभ परत आली होती, आणि ती अगदी वाईट घरी परत आली होती. कालचीच पानं, परत उकळलेली, बहुधा दोनदा. पाणी वीस मिनिटं तरी आटवलेलं. वर जुन्या गाळण्याचा गंज. साहेबांना सगळं एकामागोमाग कळत गेलं, आणि आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. कडूपणानंही भरून आले. आता कुठल्या पाण्याचं श्रेय कुणाला द्यायचं, हा प्रश्नच होता.

बायको ओट्याला टेकून बघत होती.

"कसा झालाय?"

खरं बोलावं तर जीभ परत आल्यावरचा पहिला शब्द पुन्हा तक्रारीचा. खोटं बोलावं तर तेच, जे आठ महिने चाललं होतं. साहेबांनी घोट गिळला.

"छान."

"म्हणजे अजून नाही आली," ती म्हणाली, आणि मागच्या शेगडीवरच्या दुसऱ्या भांड्यातून स्वतःपुरता चहा गाळून घेतला. त्याचा वास साहेबांपर्यंत आला. मोजून उकळलेलं पाणी, ताजी पानं, दूध सावकाश. एकतीस वर्षांत त्या घरात असा चहा झाला नव्हता, किंवा झाला असेल तर गेल्या आठ महिन्यांत रोज झाला होता. साहेबांनी त्याबद्दल काहीच म्हटलं नाही. आता म्हणण्यात अर्थ नव्हता.

ऑफिसात ते उत्साहानं कपांच्या रांगेवर तुटून पडले. बारा कप, बारा निकाल, एकही चूक नाही. वहीत लिहिलं: ताजा. बरा. जुना. बरा. कडक. नको. मालकांनी वही वाचली, उलटीपालटी करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. तब्येत ठीक आहे ना, असं विचारलं. मग खिडकीपाशी जाऊन बराच वेळ गोदामाकडे बघत राहिले.

संध्याकाळी साहेबांनी सात पुड्या बांधून घरी नेल्या. चहा केला, सात कप मांडले, आणि बायकोसमोर वही उघडून बसले. ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण सात कप चहा टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. सहा कप ती मुकाट्यानं प्यायली. सातवा हातात घेतला, ओठांना लावला, खाली ठेवला आणि साहेबांकडे बघत म्हणाली:

"वरून फार कडक. गरम पाण्यात पडला की लगेच रंग सोडतो. आणि वेळेवर बाहेर काढला नाही, की मग जन्मभर नुसता कडू."

साहेब भराभरा लिहीत होते. आठ महिन्यांतलं हे सर्वांत चांगलं वर्णन होतं.

"हा सातवाच ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चहाचं नाही बोलत मी," ती म्हणाली, आणि कप विसळायला घेऊन गेली.

साहेबांनी वहीतली ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्या ओळीच्या आधी सातचा आकडा घातला. पुढल्या महिन्यात सात नंबरचा डबा सगळ्यांत जास्त खपला.